ओटीपी सांगा, पण कुणाला सांगू नका

२०२४च्या अखेरीपासून पुढचे कित्येक महिने या देशात कुणालाही फोन लावला, की आधी सायबर भामट्यांपासून सावध राहण्याचा उपदेश ऐकावा लागे. दुधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर कमी’ एवढंच सांगायचं असलं तरी आधी उपदेश. घरातलं कुणी जिन्यावरून घसरलं, डॉक्टरांना फोन लावला, तरी आधी अनोळखी लिंक न उघडण्याची ताकीद, मग डॉक्टर. पुढे पुढे तर हे सगळं साक्षात अमिताभ बच्चन यांच्या आवाजात. लोक इतके वैतागले की त्यांनी समाजमाध्यमांवर थेट बच्चनसाहेबांनाच जाब विचारायला सुरुवात केली, आणि २०२५च्या जूनअखेर ती धून एकदाची बंद झाली. गंमत अशी, की अट्टल भामटा सहसा साधा फोन करत नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल करतो, आणि तिथे कॉलर ट्यून नसते. म्हणजे इतके महिने देशभर जे कीर्तन चाललं, ते फक्त सज्जनांपुढे.

त्या सज्जनांनी तरी त्यातून काय घेतलं, हे पाहायचं असेल तर डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंतच्या कुठल्याही सोसायटीत एक दुपार काढावी. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य आता लहान पोरांनाही पाठ आहे. आणि दिवसभर माणसं एकमेकांना ओटीपीच सांगत असतात. ॲपवरून बोलावलेल्या रिक्षात बसलं की ओटीपी. पार्सल आलं की ओटीपी. गॅसचा सिलिंडर आला की त्याचाही कोड.

‘काकू, कोड सांगा!’ खालून गॅसवाला.

‘थांब रे, चष्मा आणते.’ तिसऱ्या मजल्यावरून काकू.

‘लवकर काकू, टेम्पो रस्त्यात उभाय!’

‘चार... सात... पुढचा तीन आहे का आठ, काही कळत नाही बघ.’

एव्हाना अख्खी इमारत गॅलरीत आलेली असते. समोरच्या विंगमधले आजोबा ‘आठच असेल हो, परवा आमच्यातही आठ होता’ असं बहुमोल साहाय्य करतात. चार आकडे चारही दिशांना जाहीर होतात, सिलिंडर वर येतो, काकू कृतकृत्य होऊन पडतात. आणि बरोबर चार वाजता ‘बँकेतून’ फोन येतो की मॅडम, तुमच्या मोबाइलवर एक कोड आलाय, तेवढा सांगा. आता सकाळपासून तीन जणांना खुशाल सांगितलेला कोड चौथ्याला मात्र सांगायचा नाही, हा भेद काकूंनी दुपारच्या चहाआधी कसा करावा? बँक कधीही ओटीपी विचारत नाही, असं बँक म्हणते, आणि ते खरंच आहे. फक्त विचारणारा आपण बँकेचे नाही, हे आधी सांगत नाही.

सगळा घोटाळा इथेच आहे. खरी माणसं खोट्यासारखी वागतात आणि खोटी अगदी खऱ्यासारखी. भामट्याचं बोलणं काय गोड! ‘नमस्कार सर, आपली दोन मिनिटं घेऊ का?’ एवढ्या अदबीने तर जावईसुद्धा बोलत नाही. तो जेवणाच्या सुट्टीवर नसतो. त्याचा सर्व्हर डाऊन नसतो. तो ‘तीन नंबरच्या खिडकीवर विचारा’ म्हणत नाही. उलट खऱ्या बँकेतून चुकून फोन आलाच, तर संवाद असा होतो:

‘पडताळणीसाठी तुमची जन्मतारीख सांगा.’

‘आधी तुम्ही बँकेतूनच बोलताय कशावरून, ते सांगा.’

‘सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय.’

‘चोरही रेकॉर्ड करत असेल.’

‘मग सर, तुम्ही शाखेत जा.’

शाखेत गेलं की तिथले साहेब पासबुकावरची नजर न काढता सांगतात, ‘हे कस्टमर केअरलाच विचारावं लागेल.’

खरा कोण हे कळावं म्हणून सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने खुणा ठरवून दिल्या आहेत, नाही असं नाही. बँकेने व्यवहाराबाबत फोन करायचा तो १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून. बँकांचे संकेतस्थळांचे पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर हलवायचे होते. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. व्यवस्था चांगली आहे. परिणाम एवढाच झाला, की सोसायटीतले निवृत्त काका आता आलेला एसएमएस वाचतच नाहीत. पत्रिकेत मंगळ शोधावा तसे ते नावाचं शेवटचं अक्षर शोधतात, ‘पी आहे, पी आहे’ म्हणत फोन ठेवून देतात, आणि आत विम्याच्या हप्त्याची शेवटची तारीख उलटून जाते.

२०२२ साली महाराष्ट्रात एका संदेशाने धुमाकूळ घातला होता. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, ताबडतोब अमुक नंबरवर अधिकाऱ्यांशी बोला. कित्येकांनी बोलणं केलं. ‘अधिकाऱ्यांनी’ एक छोटं ॲप टाकायला लावलं, दहा रुपये भरून बघा म्हणाले, आणि ते दहा भरताना फोनचा पडदा पलीकडे दिसत असल्याने बाकीचं खातं त्यांनी स्वतःच भरून घेतलं. महावितरणने वारंवार खुलासे केले की असे संदेश आम्ही खासगी नंबरवरून पाठवत नाही. खुलाशाची खरं तर गरज नव्हती. वीज किती वाजता जाणार हे आधी कळवलंय, तेही मिनिटासकट, इथेच ग्राहकाला शंका यायला हवी होती. शिवाय रात्री साडेनऊला खांबावर चढून कुणी आपली वीज तोडायला येणार, ही कल्पना ज्याने कधी रात्री वीज गेल्यावर तक्रार केंद्राला फोन लावलाय त्याला तरी पटू नये. पण पटली. कारण बिल भरलंय की नाही, हे घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे लग्नपत्रिका. मराठी माणूस एक वेळ कोर्टाचं समन्स बाजूला ठेवेल, पण पत्रिका उघडल्याशिवाय राहणार नाही. मुहूर्त किती वाजताचा आणि जेवणाची वेळ लिहिलीय का, हे तरी बघायलाच हवं. ही दुबळी जागा भामट्यांनी अचूक हेरली. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. दाबलं की ते ‘इन्स्टॉल करू का?’ विचारतं, ‘एसएमएस वाचू का?’ विचारतं, आणि घरातून उत्तर येतं, ‘कर बाबा, कर सगळं, पण लग्न कुणाचं ते दाखव.’ लग्न दिसत नाही. दिसत नाही म्हणून माणूस पुन्हा दाबतो. तेवढ्यात त्या ॲपला बँकेचे ओटीपी परस्पर वाचता येऊ लागतात, आणि पुष्कळदा तेच आमंत्रण त्या फोनमधल्या सगळ्या ओळखीच्यांना यजमानाच्या नावाने रवाना होतं.

ग्रुपवर मग जे होतं ते बघण्यासारखं असतं. साठ वर्षं ब्रह्मचारी राहिलेल्या एका काकांच्या नंबरवरून शुभविवाहाची फाइल आली की आठ-दहा जण ती न उघडताच ‘हार्दिक अभिनंदन’ टाकून मोकळे होतात आणि वाचतात. न वाचता प्रतिक्रिया देण्याच्या सवयीचा सायबर सुरक्षेला झालेला हा एकमेव फायदा. मारल्या जातात त्या चौकस आत्या. सध्या पत्रिकेच्या जोडीला वाहतूक दंडाच्या चलनाचीही एपीके फाइल फिरते. तिला तर गाडी नसलेली माणसंही घाबरून उघडतात.

घाबरण्यावरून आठवलं, डिजिटल अरेस्ट. ऑगस्ट २०२४मध्ये लुधियान्याच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ केली. तुमचं नाव आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात आलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पुढे चक्क सर्वोच्च न्यायालयाची ऑनलाइन सुनावणी झाली. समोर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे चंद्रचूड म्हणवणारा कुणीतरी. आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला, शिक्क्यासकट. सात कोटी रुपये गेले. पोलिसांनी त्यातले पाच कोटींहून अधिक परत मिळवले, हे त्यातल्या त्यात बरं. ओसवाल तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे, मोठा कारभार सांभाळलेले. त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण त्या बनावट न्यायालयाचा वेग बघा! प्रकरण दाखल, सुनावणी, निकाल आणि आदेशाची प्रत, सगळं दोन दिवसांत. वाडवडिलांच्या बांधाचा दावा तिसऱ्या पिढीपर्यंत चालवणाऱ्या आपल्या लोकांना तर हे न्यायालय भारतातलं नाही, हे त्या एका गोष्टीवरून कळायला हरकत नव्हती.

त्याच महिन्यात आणखी एक ‘चंद्रचूड’ निघाले. हे जरा मध्यमवर्गीय होते. आपण सरन्यायाधीश आहोत, कॉलेजियमची तातडीची बैठक आहे, कनॉट प्लेसमध्ये अडकलो आहोत, टॅक्सीसाठी पाचशे रुपये पाठवाल का, कोर्टात पोचलो की परत करतो, असा त्यांचा संदेश होता. सर्वोच्च न्यायालयाला याची रीतसर पोलिसांत तक्रार करावी लागली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ला सांगितलं, तेव्हा त्यातलं मुख्य निकालपत्र खऱ्या चंद्रचूडांनीच लिहिलं होतं. पुढे सात वर्षांनी त्यांच्याच नावाने एकाकडून सात कोटी आणि दुसऱ्याकडून पाचशे मागितले जावेत, यातला दुसरा आकडा जास्त लागला असेल.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्ट अशी काही गोष्ट कायद्यातच नाही असं सांगून तीन पायऱ्यांचा मंत्र दिला: थांबा, विचार करा, कृती करा. पहिली पायरी भामट्यांनाही मंजूर आहे. कॅमेऱ्यासमोर थांबाच, असं ते तरी वेगळं काय सांगतात? आणि कधी कधी तर पलीकडचा ‘इन्स्पेक्टर’ स्वतःच कैदेत असतो. नोकरीच्या आमिषाने थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेऊन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५मध्ये विमानाने परत आणावं लागलं. म्हणजे कैदी फोन करून मोकळ्या माणसाला अटक करतो, आणि मोकळा माणूस दाराला आतून कडी घालून बसतो.

सायबर भामट्यांनी २०२३मध्ये भारतीयांचे ७,४६५ कोटी रुपये नेले आणि २०२४मध्ये २२,८४५ कोटी, असं सरकारनेच संसदेत सांगितलंय. पैसे गेले की लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा असतो. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. तो तास आपल्याकडे कसा जातो? पहिली वीस मिनिटं फोन बंद करून पुन्हा चालू करण्यात. पुढची वीस ‘तरी मी सांगत होते’ यात. शेवटची वीस मिनिटं ही गोष्ट जावयाच्या कानावर जाता कामा नये, यावर घरात एकमत होण्यात.

पासवर्डची कथा याहून जुनी. जगात सर्वाधिक वापरले जाणारे पासवर्ड कोणते, याच्या याद्या दरवर्षी निघतात आणि १२३४५६ हा गडी जवळपास दरवर्षी पहिला येतो. एवढं सातत्य कुठल्याही बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नाही. मोठ्या अक्षराबरोबर लहान अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, दर नव्वद दिवसांनी बदलायला हवं, हा छळ मुळात सुरू झाला तो अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेच्या २००३च्या एका मार्गदर्शिकेतून. ती लिहिणारे बिल बर निवृत्तीनंतर, २०१७मध्ये, वॉल स्ट्रीट जर्नलकडे कबूल करून बसले की यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. संस्थेनेही त्याच वर्षी नियम सैल केले: उगाच बदलत बसू नका, लांबलचक ठेवा म्हणजे झालं. ही वार्ता आपल्याकडच्या कचेऱ्यांतल्या आयटी विभागांपर्यंत अजून पोचायची आहे. तिथे दर तीन महिन्यांनी गणपती@१ चा गणपती@२ होतो, आणि कितवा गणपती चालू आहे हे मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. १९ ऑक्टोबर २०२५ला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून दिवसाढवळ्या राजघराण्याचे दागिने चोरीला गेले, तेव्हा फ्रेंच पत्रकारांनी सुरक्षेचे जुने अहवाल उकरले. २०१४च्या तपासणीत तिथल्या कॅमेऱ्यांच्या यंत्रणेचा पासवर्ड निघाला होता ‘लूव्र’. चोरांनी तो वापरायचीही तसदी घेतली नाही. ते सामान वर चढवायच्या शिडीचा ट्रक लावून खिडकीतून आत गेले.

आपल्याकडे घरात नातू झाला की आजोबांचा पासवर्ड बदलतो. बारशाला जेवून गेलेल्या दीडशे माणसांना तो ठाऊक असतो. पासवर्ड विसरला तर बँक गुप्त प्रश्न विचारते: आईचं माहेरचं आडनाव काय? हा प्रश्न ज्या कुणी गोऱ्या साहेबाने काढला त्याच्या समाजात मामा नसावा. इथे ते आडनाव पत्रिकेत ‘आजोळ’ म्हणून छापतात, वधू-वर सूचक मंडळाच्या नोंदवहीत ते असतं, आणि रेल्वेच्या डब्यात समोर बसलेली बाई ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला विचारून घेते. पहिली शाळा कोणती, हा दुसरा गुप्त प्रश्न. त्या शाळेच्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि ॲडमिन कोण व्हायचं यावरून त्यात दोन तट आहेत. (प्रस्तुत लेखकाला त्याचा गुप्त प्रश्न विचारू नये. उत्तर बायको देईल.)

आणि आधारकार्ड! मे २०२२च्या अखेरीस आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. द्यायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत द्या. सल्ला शहाणपणाचा होता, म्हणून दोन दिवसांत मागे घेण्यात आला. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाऊ शकतो, असं कारण देण्यात आलं. मास्क्ड आधार मात्र आजही मिळतं. ते घेऊन एखाद्या लॉजच्या काउंटरवर जाऊन पाहावं.

‘हे काय? आठ आकडे खोडलेत.’

‘खोडलेले नाहीत, सरकारनेच झाकून दिलेत.’

‘आमच्याकडे झाकलेलं चालत नाही. उघडं असेल तर द्या.’

उघड्याची झेरॉक्स कोपऱ्यावरच्या दुकानात निघते. गिऱ्हाईक आपली पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, तो ती संगणकावर उतरवतो, आणि त्या संगणकाच्या पडद्यावर अर्ध्या वॉर्डाची आधारकार्डं, पॅनकार्डं, भाडेकरार आणि एकाचा घटस्फोटाचा मसुदा सुखाने एकत्र नांदत असतात. किराणा घेताना मोबाइल नंबर सांगायची सक्ती दुकानदाराला करता येत नाही, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३मध्येच बजावलंय. पण काउंटरवरच्या मुलीने ‘सर, नंबर?’ म्हटलं की मागच्या रांगेच्या देखत नाही म्हणायला माणसाला संकोच वाटतो, आणि तो नंबर सांगतो. तोही दोनदा, सुटा सुटा, गॅसवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने. त्याच माणसाला डिसेंबर २०२५मध्ये प्रत्येक नव्या फोनमध्ये सरकारचं संचार साथी ॲप आधीपासून टाकण्याचा आदेश निघाल्याचं कळलं, तेव्हा ‘हेरगिरी चालणार नाही’ म्हणून त्याने सोसायटीच्या ग्रुपवर मोठा निबंध लिहिला होता. आदेश लगेच मागे घेण्यात आला. निबंधाखाली त्याने आपलं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबर दिला होता.

आता तर आवाजही चोरीला जातो. एखाद्याच्या बोलण्याचा छोटासा तुकडा मिळाला, तरी त्याच्यासारखा बोलणारा आवाज यंत्राकडून तयार करून घेता येतो, आणि ‘मी अडकलोय, पैसे पाठवा’ असा फोन करता येतो. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२४मध्ये लोकांना यावर एक साधा उपाय सुचवला: घरातल्या माणसांनी आपसात एक गुप्त शब्द ठरवून ठेवावा. ही बातमी निवृत्त काकांच्या वाचनात आली, आणि न्यू जर्सीतल्या पुतण्याचा पुढच्याच रविवारी फोन आला.

‘काका, मी बोलतोय.’

‘मी म्हणजे कोण? पुरावा काय?’

‘काका, काय चेष्टा करता...’

‘आजी आमटीत काय घालायची?’

‘चिंच.’

‘आमसूल! ठेव फोन, चोरा.’

पुतण्या खरा होता. त्याची आजी वेगळी, म्हणजे आईकडची. त्याने ती डोळ्यासमोर आणली होती. आठवडाभर दोन्ही घरांत अबोला होता. शेवटी आत्यांनी मध्ये पडून सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर जमवलं आणि गुप्त शब्दाचा प्रस्ताव रीतसर मांडला. ‘आमसूल’ला मोठ्या काकांनी हरकत घेतली, ‘चिंच’ला न्यू जर्सीतून कुणी अनुमोदन दिलं नाही, आणि पाऊण तासाच्या चर्चेनंतर कुलदैवताच्या नावावर एकमत झालं. धाकट्या काकूंनी कुणी विसरायला नको म्हणून ते लगेच ग्रुपचं नाव करून टाकलं.